गाठीमागे दोन आणे

माळव्यात, इंदूरजवळच्या देपालपूरच्या काळ्या रानात आज पावसाळ्यात नजर जाईल तिथवर सोयाबीन दिसतं. शंभर वर्षांपूर्वी तिथे कापूस आणि ज्वारी होती, ओल धरून ठेवलेल्या शेतात हिवाळी गहू होता, आणि आदल्या पिढीच्या आठवणीत अफू होती. चीनशी चाललेला अफूचा व्यापार 1913 च्या सुमारास संपला आणि माळव्याच्या शेतकऱ्याला रोकड देणारं पीक म्हणून कापसाचाच आधार उरला. कापूस बैलगाडीतून निघे, जिनात सरकी सुटी होई, गाठी बांधल्या जात. काही गाठी इंदूरच्या गिरण्यांत जात, काही रेल्वेनं मुंबईला. ही रेल्वेही इंदूरच्या होळकर राजांच्या पैशांतून आलेली. दुसऱ्या तुकोजीरावांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजानं कर्जाऊ दिले, तेव्हा खांडवा-इंदूर मार्ग झाला.

मुंबईला पोचलेली गाठ गिरणीत गेली किंवा बोटीत चढली की 1923 पासून तिच्यावर एक लहानसा उपकर बसू लागला. 400 पौंडांच्या गाठीमागे पहिली तीन वर्षं चार आणे आणि त्यानंतर दोन आणे. पैसे भरायचे गिरणीवाल्यानं किंवा निर्यातदारानं. पण व्यापारी असा खर्च खरेदीच्या भावात आधीच धरतो, हे कापूस विकलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणजे देपालपूर, बेटमा, गौतमपुऱ्याकडचा जो कापूस मुंबईला गेला, त्याच्या मालकानं नकळत हे आणे मोजले. या पैशांतून इंदूरजवळ एक संशोधन संस्था उभी राहिली. छोट्या शेतकऱ्यासाठीचं संशोधन कुणाच्या पैशांनी व्हावं, हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. त्याचं एक जुनं आणि बरंच शिकवणारं प्रकरण आपल्या इतक्या जवळ घडलं आहे.

हा उपकर शेतकऱ्याच्या कळवळ्यातून आला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता आणि हिंदुस्थानात पिकणारा बहुतेक कापूस आखूड धाग्याचा. 1917 साली सरकारनं कापूस समिती नेमली. तिच्या शिफारशीतून 1921 साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी निघाली, आणि दोन वर्षांनी उपकराचा कायदा होऊन तिला हक्काचं उत्पन्न मिळालं. कमिटीत गिरणीमालक, व्यापारी, शेतीखात्याचे अधिकारी होते. शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही होते, पण नेमलेले. 1924 साली तिनं माटुंग्याला धाग्याच्या परीक्षेसाठी प्रयोगशाळा काढली. ती आजही कापूस तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था म्हणून चालू आहे. तिचा उपयोग गिरण्यांना होता आणि तो उघड होता. इंदूरचं मात्र वेगळं झालं, आणि त्याचं कारण एक हट्टी जोडपं.

अल्बर्ट हॉवर्ड हे श्रॉपशरच्या शेतकरी घरातले. बार्बाडोसला ते बुरशीतज्ज्ञ म्हणून होते, तिथे उसाचे रोग तपासायचे. पण स्वतःचा उपाय स्वतः करून बघायला हातभर जमीन नव्हती. ही खंत त्यांना आयुष्यभर पुरली. 1905 साली ते बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. पुसाची संस्थाही दानातून उभी राहिलेली: हेन्री फिप्स या अमेरिकन पोलादसम्राटानं लॉर्ड कर्झनना 30,000 पौंड दिले होते, त्यातला मोठा भाग तिकडे गेला. हॉवर्डना तिथे 75 एकर जमीन मिळाली. भोवतालचे बिहारी शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले प्राध्यापक, असं त्यांनी ठरवलं आणि पुढे तसं लिहूनही ठेवलं.

त्यांच्या पत्नी गॅब्रिएल मॅथाई केंब्रिजमध्ये वनस्पतिशरीरक्रियाशास्त्र शिकलेल्या. पान प्रकाशात अन्न कसं बनवतं, तापमानाचा त्यावर काय परिणाम होतो, यावरचं त्यांचं काम लग्नाआधीच नावाजलं गेलं होतं. 1913 साली त्यांना पुसाला दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचं पद मिळालं. गव्हाच्या ‘पुसा 4’ आणि ‘पुसा 12’ या जाती दोघांच्या मेहनतीच्या. पण लोकांच्या तोंडी एकट्या हॉवर्डांचं नाव राहिलं, हा अन्याय लिहिताना दर वेळी दुरुस्त करायला हवा.

पुसामध्ये त्यांची घुसमट होऊ लागली. बुरशी एका विभागात, कीटक दुसऱ्यात, माती तिसऱ्यात, आणि शेत कुठल्याच विभागात नाही. शेतकऱ्याच्या बांधावर मात्र पाणी साचणं, मूळ गुदमरणं, रोग पडणं, बैलाची वैरण आणि सावकाराचा हप्ता हे सगळं एकाच वेळी घडत असतं. पीक, जमीन, जनावर आणि माणूस यांचा एकत्र विचार करणारी संस्था हवी, असा ध्यास हॉवर्ड दांपत्यानं घेतला. सरकारी खात्यात ते जमेना. तेव्हा त्यांनी कॉटन कमिटीचं दार ठोठावलं. कमिटीनं इमारती आणि वार्षिक खर्चासाठी अनुदान दिलं, मध्य भारतातल्या काही संस्थानांनी वर्गणी दिली, आणि होळकर दरबारानं इंदूर शहरालगत सुमारे 300 एकर जमीन नाममात्र भाड्यानं दिली. 1924 साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली.

तिसऱ्या तुकोजीरावांचा तो काळ. याच राजानं काही वर्षं आधी पॅट्रिक गेडिस यांना इंदूरचा नगर-आराखडा करायला बोलावलं होतं आणि 1918 साली गेडिसनी शहराचा मैला, सांडपाणी, कचरा बागांना आणि शेतांना परत देण्याचा आग्रह धरला होता. इंदूरच्या हवेत हा विचार आधीपासून होता, असं मला वाटतं. पुढे मुंबईतल्या बावला खून प्रकरणामुळे 1926 मध्ये तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी त्या प्रकरणाचे रकानेच्या रकाने भरले. त्याच दरबारानं दिलेल्या जमिनीवर काय चाललं आहे, याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

कमिटीला हवा होता सुधारलेला कापूस. हॉवर्डनी पहिली वर्षं घातली जमिनीच्या उतारावर आणि चरांवर. माळव्याची काळी माती पावसात फुगते, तिच्यात हवा शिरत नाही, कापसाचं मूळ गुदमरतं, आणि उन्हाळ्यात तीच माती हातभर भेगाळते. बियाणं कितीही चांगलं असलं तरी मुळाला श्वास मिळाला नाही तर उपयोग शून्य. मग दुसरी अडचण: या मातीत सेंद्रिय अंशच कमी. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात, पऱ्हाटी जळणात जाते, आणि शेताला परत मिळतं ते उकिरड्यावर वर्षभर उन्हापावसात धुपलेलं खत. रासायनिक खत तेव्हा माळव्यातल्या शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेर होतं. मग आहे त्यातूनच चांगलं खत लवकर कसं करायचं?

या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड, संस्थेतले कृषिरसायनाचे मुख्य सहायक. हे नाव-आडनाव मराठी वाचकाला परकं वाटणार नाही, पण वाडांची आठवण किती मराठी लोकांना आहे? 1931 साली ऑक्सफर्डनं छापलेल्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ या पुस्तकावर हॉवर्डांच्या बरोबरीनं त्यांचं नाव आहे. सेंद्रिय शेतीचा जगभरचा इतिहास ज्या पुस्तकापासून मोजला जातो, त्याचे ते सहलेखक. खड्ड्यात कुठल्या आठवड्यात तापमान किती, नत्र किती उरतं, किती उडून जातं, ही मोजणी रसायनज्ञाशिवाय झाली नसती.

पद्धत अशी. शेतातलं जे काही हाताला लागेल ते गोळा करायचं: तण, पाचट, पालापाचोळा, ताग, पऱ्हाटी. पऱ्हाटी कडक, ती कुजायला वेळ लावते. म्हणून ती संस्थेच्या रस्त्यांवर पसरत आणि गाड्यांच्या चाकांखाली भरडून घेत. यंत्र विकत घेण्याची गरज नाही, येणारी-जाणारी गाडीच ते काम करी. हा सगळा मिश्र कचरा रोज थोडा थोडा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. सकाळी तो शेणामुतासकट उचलून खड्ड्यात. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची. मूत्र मुरलेली ती माती दर काही महिन्यांनी खणून काढायची, बारीक करायची आणि जागी नवी माती भरायची. शेतकरी शेण जपतो आणि मूत्र वाहू देतो, पण नत्राचा मोठा वाटा मूत्रातच असतो, हे वाडांच्या प्रयोगशाळेतून ठळकपणे पुढे आलं.

खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद, बाजू उतरत्या, आणि खोली मुद्दाम कमी, कारण कुजणाऱ्या थरात हवा दीड-दोन फुटांपलीकडे जात नाही. थरावर शेण, राख, मूत्रमाती आणि आधीच्या खड्ड्यातला थोडा कुजता माल पाण्यात कालवून शिंपडायचा. घरात विरजण लावतात तसं. पहिल्या दिवसांत खड्डा 65 अंशांपर्यंत तापतो. वर पांढरी बुरशी चढते, मग जिवाणूंचं राज्य सुरू होतं. तीन महिन्यांत तीन वेळा उलथायचं, दर वेळी ओल बघायची. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग. नव्वद दिवसांनी हातात येतं ते काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत. संस्थेतल्या चाळीस बैलांच्या जोरावर वर्षाला सुमारे हजार गाड्या खत निघे.

हॉवर्डनी हे आपण शोधून काढलं असा दावा केला नाही. चिनी शेतकऱ्यांच्या हजारो वर्षांच्या रीतीवर एफ. एच. किंग या अमेरिकनानं 1911 साली लिहिलेलं पुस्तक त्यांनी वाचलं होतं. गावागावातला उकिरडा तर डोळ्यांसमोर होता. इंदूरला झालं ते असं की या जुन्या जाणतेपणाला प्रमाण, वेळ आणि कारण यांची जोड मिळाली. पेटंट घेण्याचा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. पद्धतीला त्यांनी आपलं नाव न देता संस्थानाचं नाव दिलं, आणि ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती केनियाच्या कॉफीमळ्यांपासून सिलोनच्या चहापर्यंत गेली.

गॅब्रिएल पुस्तक छापून आलेलं पाहू शकल्या नाहीत. 1930 च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात त्या वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड हिंदुस्थान सोडून गेले.

आता त्रासदायक भाग. ही पद्धत सगळ्यात आधी उचलली ती मळेवाल्यांनी. त्यांच्याकडे मजूर होते, पाणी होतं, गुरं होती, मुकादम होता. देपालपूरच्या परगण्यातल्या एका बैलजोडीच्या कुणब्याकडे चुलीला दुसरं जळण नव्हतं. शेण खड्ड्यात घातलं तर भाकरी कशावर भाजायची? उन्हाळ्यात विहीर तळाला गेलेली, तिथे खड्ड्यावर पाण्याच्या घागरी कोण ओतणार? तीन वेळा उलथायचं ते नेमकं पेरणी-निंदणीच्या धांदलीत आलं तर? संस्थेच्या तीनशे एकरांवर चाळीस बैल आणि पगारी मजूर होते, आणि तिथे सिद्ध झालेलं गणित पाच बिघ्यांच्या शेताला तसंच्या तसं लागू पडत नव्हतं. संशोधन चांगलं होतं, मोफत होतं, जवळच होतं, तरीही गरिबाच्या दारापर्यंत ते अर्धंच आलं. चुलीचा प्रश्न सोडवल्याशिवाय खताचा सुटत नाही, आणि चुलीवर संशोधन करायला कॉटन कमिटीचे पैसे नव्हते. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण हेच आहे.

हॉवर्डांनंतर संचालकपदी आलेले जॅक्सन आणि वाड यांनी ही पद्धत शहराकडे वळवली. इंदूर रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटण अशा तीन ठिकाणी मैला आणि शहराचा कचरा एकत्र कुजवून, माशा आणि दुर्गंधी न होता खत करून दाखवलं. 1934 साली त्यावर त्यांनी वैद्यकीय मासिकात लेख लिहिला. पुढल्या वर्षी हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले होते. त्यानंतर ‘हरिजन’मधून त्यांनी इंदूरच्या खताची माहिती खेड्यांपर्यंत पोचवली. आज स्वच्छ शहर म्हणून इंदूरचं नाव दर वर्षी गाजतं, तेव्हा वाडांचंही नाव कुणी घ्यावं असं मनापासून वाटतं.

संस्थेचं दुसरं मोठं देणं मातीचं नव्हतं, मोजणीचं होतं, आणि त्याची चर्चा तर त्याहूनही कमी होते. 1933 ते 1937 या काळात जोसेफ हचिन्सन हे कापसाचे जनुकशास्त्रज्ञ इंदूरला होते. त्यांच्यासोबत काम करत होते संख्याशास्त्रज्ञ व्ही. जी. पानसे. विलायतेत रोनाल्ड फिशर यांनी शेतीप्रयोगांची नवी रीत घालून दिली होती: वाणांची तुलना करायची तर प्रत्येक वाणाचे अनेक छोटे वाफे करायचे आणि कुठला वाण कुठे पेरायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे शेताच्या एका कोपऱ्याच्या सुपीकतेमुळे निष्कर्ष फसत नाही. हचिन्सन आणि पानसे यांनी ही रीत माळव्याच्या कापसावर चालवून दाखवली.

पानसे तिथेच थांबले नाहीत. सरकार तोवर पिकाचा अंदाज पाटील-पटवाऱ्यांच्या नजरेवर बांधत असे. ‘सोळा आणे पीक’, ‘दहा आणे पीक’. चाळिशीच्या दशकात पानसे यांनी कॉटन कमिटीच्या मदतीनं कापसासाठी नमुना-पद्धतीनं पीककापणी करून उत्पादन मोजण्याचे प्रयोग केले, वऱ्हाडातही केले. चिठ्ठीनं गाव निवडायचं, चिठ्ठीनं शेत, त्यातला ठरावीक मापाचा तुकडाही तसाच. मग कापून वजन. तिकडे दिल्लीत पांडुरंग सुखात्मे, मूळचे सातारा जिल्ह्यातले, गहू-भातासाठी तेच करत होते. दोघांनी मिळून लिहिलेलं शेतीसंख्याशास्त्राचं पुस्तक 1954 साली आलं आणि कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

याचा देपालपूरशी संबंध थेट आहे. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविम्यात नुकसानभरपाई ठरू लागली ती पीककापणी प्रयोगांवर. मध्य प्रदेशात पटवारी हलका हा घटक धरतात. त्यात चिठ्ठीनं निवडलेल्या शेतांत काही चौरस मीटरांचा तुकडा आखत, शेंगा मळून सोयाबीन तोलत, आणि त्या वजनावर हलक्यातल्या सगळ्या विमाधारकांचा दावा ठरे. अलीकडे मात्र मध्य प्रदेशात उपग्रहाच्या चित्रांवर आधारलेल्या तंत्रानं उत्पादन ठरवू लागले आहेत. पीककापणीत तुकडा नियमानं निवडला नाही, किंवा कापणी घाईघाईत कागदावरच झाली, तर शेकडो घरांचे पैसे बुडत. पानसे यांनी चिठ्ठीचा एवढा आग्रह का धरला, ते अशा वेळी कळतं. दोन आण्यांतून निघालेल्या या ज्ञानाचा लाभ थेट छोट्या शेतकऱ्याच्या बँकखात्याशी जोडला गेला, आणि तेही असं की ते कुणाला विकता येत नाही.

पुढची वर्षं भराभर सांगता येतात. साठच्या दशकाच्या मध्यात पिकांच्या जुन्या कमिट्या बंद करून सगळं संशोधन भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेलं. इंदूरच्या संस्थेच्या जागेवर 1959 साली कृषी महाविद्यालय उभं राहिलं. साठच्या दशकाच्या अखेरीस जबलपूरचं कृषी विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ यांनी, अमेरिकन मदतीच्या पैशांवर, पिवळ्या सोयाबीनच्या चाचण्या घेतल्या. माळव्यात पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या काळ्या जमिनीला ते पीक मानवलं. 1987 साली सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदूरला आलं. 1994 साली आलेला ‘जेएस 335’ हा सरकारी वाण देपालपूरपासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पसरला, आणि शेतकऱ्यानं तो घरचं बी राखून वर्षानुवर्षं पेरला. खासगी कंपनीला अशा पिकात रस कमी, कारण एकदा विकलेलं बी शेतकरी पुन्हा विकत घेत नाही. म्हणून इथे सार्वजनिक पैसाच लागतो. आणि आपण शेतीसंशोधनावर शेती उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी खर्च करतो.

माळव्यात आता बैल थोडे उरले आहेत. गहू कम्बाइननं कापला जातो आणि उरलेली धसकटं, तिकडे त्यांना नरवाई म्हणतात, एप्रिलच्या उन्हात पेटवली जातात. दंडाचे आदेश दर वर्षी निघतात, तरी धूर दिसतोच. इंदूर पद्धतीत गोठा मध्यभागी होता. गोठाच नाही अशा शेतानं काय करावं, याचं वाडांच्या तोडीचं, मोजून-मापून केलेलं उत्तर हवं आहे. ते देणाऱ्याला विकायला काही मिळणार नाही. खड्डा, ढीग, उलथण्याची वेळ, ओलाव्याचं प्रमाण, यातलं काहीच पिशवीत भरून दुकानात ठेवता येत नाही.

मग पैसे कुठून यावेत? माझं म्हणणं, जुन्याच ठिकाणाहून. देपालपूरच्या मंडीत सोयाबीनची पोती उतरतात, तिथे शुल्क आजही घेतलं जातंच. तेलगिरण्या आणि पेंड निर्यात करणारे त्याच पिकावर उभे आहेत. त्यांच्याकडून पोत्यामागे अगदी थोडी रक्कम संशोधनासाठी बांधून घ्यावी आणि ती याच भागातल्या जमिनीवर खर्च व्हावी. फरक एवढाच करावा की 1923 साली ज्या समितीत शेतकरी नेमलेला पाहुणा होता, तशा समितीत या वेळी तो निवडून आलेला बहुमतात असावा, आणि खड्ड्याइतकाच पैसा चुलीवर, पाण्यावर आणि मजुरीच्या हिशेबावर खर्च करायचा की नाही हे त्यानं ठरवावं.